लोडरच्या बकेटला हुक लावायचेत? आधी वजन कुठून कुठे जातं ते बघा

ट्रॅक्टरला पुढचा लोडर बसवला की पहिल्या महिन्यातच प्रत्येकाला वाटायला लागतं की बकेटला दोन हुक असते तर किती कामं झाली असती. माती, शेणखत, खडी भरायला बकेट आहेच, पण आपल्या निफाड-दिंडोरीकडं काम तेवढ्यावर थांबत नाही. जुनी द्राक्षबाग तोडली की खोडं उपटायची असतात, द्राक्षाच्या वेलींना आधार देणाऱ्या वायच्या (इंग्रजी Y आकाराच्या) अँगलचे बंडल बांधावरून वावरात न्यायचे असतात, दोनशे लिटरचे बॅरल हलवायचे असतात, उन्हाळ कांदा भरायच्या दिवसात रिकामी ट्रॉली कांदाचाळीच्या तोंडाशी पाच फूट इकडं-तिकडं करायची असते. मग माणूस बकेटच्या दाताला साखळी गुंडाळतो आणि उचलायला लागतो, आणि ती साखळी कधी ना कधी सटकते.

माझी सटकली नव्हती, माझा हुकच निघाला. गावाजवळच्या एका वर्कशॉपमध्ये बकेटच्या वरच्या काठाला मधोमध एक हुक मारून घेतला होता, रंगावरच, बारीक रॉडने, दहा मिनिटांत काम. दुसऱ्याच महिन्यात बागेचं एक जाड खोड उपटताना तो हुक सुटून आला. वेल्ड तुटलं नव्हतं, हे महत्त्वाचं आहे, वेल्ड हुकाला तसंच चिकटलेलं होतं आणि त्याच्याबरोबर तळहाताएवढा बकेटचा पत्रा फाटून आला होता. साखळी उडून बोनेटवर बसली. तिथून एका हाताच्या अंतरावर माझा पुतण्या उभा होता. तेव्हापासून मी या विषयात नीट डोकं घातलं, चांगल्या वेल्डरकडं बसून शिकलो, आणि आता जे लिहितोय ते नवीन लोडर घेणाऱ्यासाठी लिहितोय.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. हुकावर आलेलं वजन हुकावर राहत नाही. हुकाकडून ते बकेटच्या पत्र्यावर जातं, तिथून बकेटच्या पिनवर, पिनवरून आर्मवर, आर्मवरून लोडरच्या फ्रेमवर, फ्रेम जिथं ट्रॅक्टरला बोल्टने बसवलीय तिथं, मग पुढच्या एक्सलवर आणि शेवटी पुढच्या टायरवर, आणि तेवढाच वेळ मागची चाकं हलकी होत असतात. या रांगेत जो सगळ्यात कमजोर असेल तो आधी जाणार. हुक दहा टनाचा आणला म्हणून लोडर दहा टनाचा होत नाही.

म्हणून पहिलं काम वेल्डिंगचं नाही, वही-पेनाचं आहे. लोडरच्या पुस्तकात उचलायची क्षमता दिलेली असते आणि ती नीट वाचा, कारण बऱ्याच वेळा ती बकेटच्या पिनपाशी दिलेली असते, बकेटच्या टोकाशी नाही, आणि पूर्ण उंचीला ती खालच्यापेक्षा कमी असते. पुस्तक नसेल तर डीलरकडून मागून घ्या, आणि तेव्हाच विचारा की बकेटवर वेल्डिंग केलं तर वॉरंटीचं काय होतं, नंतर वाद नको. आता आपल्याकडच्या वस्तूंची वजनं काढा. सिमेंटची गोणी ५० किलोची, युरियाची आता ४५ ची. दोनशे लिटरचा भरलेला बॅरल म्हणजे पाण्याचेच २०० किलो आणि वर बॅरल. आपला काळा दगड फार फसवतो, एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच एवढा तुकडा ८० किलोच्या आसपास भरतो, म्हणजे अडीच फूट बाय दोन फूट बाय दोन फुटाचा दगड ८०० किलोचा झाला आणि डोळ्याला तो काहीच वाटत नाही. काँक्रीट घनमीटरला २४०० किलो. लोखंडी प्लेटचा हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटरला जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागं ७.८५ किलो, म्हणजे १० एमएमची प्लेट चौरस मीटरला साडेअठ्ठ्याहत्तर किलो. ही वजनं पाठ झाली की अर्धे अपघात तिथंच टळतात.

काही वजनं मात्र मोजताच येत नाहीत, ती म्हणजे जमिनीत अडकलेली वस्तू. खोड, गाडलेला खांब, बोअरमध्ये अडकलेली मोटर. बोअरचं उदाहरण घ्या, दोन इंची जीआय पाईप मीटरला पाच किलोच्या आसपास, २०० फुटाला ३०० किलो झाले, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पाणी धरून असेल तर पाईपमधलं पाणी सव्वाशे-दीडशे किलो, वर मोटर आणि केबल, सगळं मिळून पाचशेच्या घरात जातं. हे मोकळं असताना. मोटर गाळात बसली असेल तर किती जोर लागेल ते कोणालाच माहीत नसतं, आणि लोडर तेवढा उंचही जात नाही की वीस फुटी पाईप एका दमात बाहेर येईल. ते काम घोडी आणि चेनपुलीचंच आहे, लोडरला त्यात घालू नका.

दुसरं काम, मागचं वजन. हे लोक सगळ्यात जास्त टाळतात आणि मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो, कारण उलटलेल्या ट्रॅक्टरची बातमी आली की मागं काही लावलेलं नव्हतं हेच बहुतेक वेळा कळतं. ४५ एचपीचा ट्रॅक्टर स्वतः दोन टनाच्या आसपास असतो, त्यातलं बरंचसं मागं, आणि लोडर बसवला की आधीच पुढं झुकलेला असतो. पुढं वजन लटकवलं की पुढचा एक्सल टेकू होतो आणि मागचं चाक वर यायला बघतं. ब्रेक मागच्या चाकांना असतात हे विसरू नका, मागचं चाक हलकं झालं की उतारावर ब्रेकही गेला. सगळ्यात स्वस्त उपाय, दोनशे लिटरचा जुना लोखंडी बॅरल घ्या, त्यात काँक्रीट भरा, ते ४८० किलोच्या आसपास होतं, भरायच्या आधीच आत जाड गज आणि बाहेर थ्री-पॉइंटच्या (ट्रॅक्टरमागं अवजार जोडायच्या तीन लिंकच्या) पिन बसतील असं फ्रेम करून घ्या. खालच्या लिंकची पिन कॅटेगरी एकला २२ एमएम असते आणि दोनला २८, आपला ट्रॅक्टर कोणता ते मोजून मगच पिन आणा. टायरमध्ये पाऊण भाग पाणी भरणं हाही चांगला उपाय आहे. रोटाव्हेटर मागं लावलेला असेल तर तोही वजनाचं काम करतो, फक्त तो जमिनीपासून थोडाच वर ठेवा.

शंका असेल तर एकदा वजनकाट्यावर जा. पूर्ण ट्रॅक्टर नाही, फक्त मागची चाकं काट्यावर घ्या, आधी रिकामं वजन बघा आणि मग बकेटमध्ये ओळखीचं वजन टाकून बघा, मागचं किती कमी झालं ते डोळ्यासमोर दिसतं. पिंपळगावला, लासलगावला काट्याची कमी नाही.

आता हुक. म्हणजे खरं तर मी हुक वेल्ड करूच नका म्हणतो, नवीन माणसाने तर नाहीच. कारण असं आहे की बाजारात मिळणारा चांगला हुक हा अलॉय स्टीलचा, उष्णता देऊन कडक केलेला असतो, त्याला आर्कची उष्णता लागली की तो कडकपणा जातो किंवा वेल्डच्या शेजारी ठिसूळ होतो, आणि बाहेरून काहीच कळत नाही. साखळीच्या कडीलाही वेल्ड करायचं नाही, याच कारणाने. वेल्ड करण्यासाठीच बनवलेले हुक मिळतात, ते वेगळे, पण दुकानदाराला नक्की माहीत नसेल तर ते सोडा. त्याऐवजी भोकाची प्लेट वेल्ड करायची आणि तिच्यात शॅकल, म्हणजे पिनने बंद होणारी यू आकाराची कडी, घालायचं. प्लेट साधी माइल्ड स्टीलची असते, तिला वेल्डिंग सहज मानवतं, आणि शॅकल खराब झालं तर बदलता येतं. शॅकलवर वजन कोरलेलं असेल तेच घ्या. अर्ध्या इंचाच्या चांगल्या बो शॅकलवर २ टन असतं आणि त्याची पिन १६ एमएमची, पाच सूत म्हणजे ५/८ इंचीवर सव्वातीन टन आणि पिन १९ एमएमची. आपल्या लोडरला अर्धा इंचीही पुरतं पण मी ५/८ वापरतो, साखळी आत सहज फिरते म्हणून.

प्लेट किती जाड, तर १६ एमएम. आकार साधारण १०० बाय १२० एमएम, वरचे कोपरे गोल केलेले. भोक पिनपेक्षा दोन-तीन एमएम मोठं, म्हणजे १९ च्या पिनला २२ चं, आणि ते ड्रिलने पाडून घ्या, गॅस कटरने फाडलेलं भोक खडबडीत असतं आणि चीर तिथूनच सुरू होते. भोकाच्या मध्यापासून प्लेटच्या काठापर्यंत भोकाच्या व्यासाच्या दुप्पट लोखंड ठेवा, २२ चं भोक असेल तर ४५ एमएम धरा.

ही प्लेट थेट बकेटच्या पत्र्यावर बसवायची नाही. माझा हुक याच कारणाने गेला. बकेटचा पत्रा बऱ्याच ठिकाणी ५-६ एमएमचाच असतो, त्याला एका जागी ओढलं की तो डब्याच्या झाकणासारखा फाटतो. म्हणून वरच्या काठाच्या पूर्ण लांबीला आधी ६५ बाय ६५ बाय ६ चा अँगल बसवा, तो मीटरला ५.८ किलोचा आहे, सहा फुटाच्या बकेटला साडेदहा किलो झाले. अँगलच्या वर जिथं भोकाची प्लेट येणार तिथं १५० बाय १५० ची १० एमएमची तळप्लेट, आणि तिच्यावर उभी भोकाची प्लेट. तीन जागचं मिळून सगळं सामान वीस-बावीस किलो होतं, आणि हे वीस-बावीस किलो तुमच्या उचलायच्या क्षमतेतून कायमचे वजा झाले, हे वहीत लिहून ठेवा. सामान सातपूर-अंबडकडच्या स्टीलच्या दुकानात कापून मिळतं, उरलेले तुकडेही मिळतात, फक्त भंगारातली अनोळखी प्लेट घेऊ नका, ती कुठल्या ग्रेडची आहे हे तोंडाने सांगता येत नाही. आयएस २०६२ ची (हे अशा पोलादाचं भारतीय मानक) प्लेट मागा.

जागा कुठली? दोन प्लेटा आर्मच्या सरळ रेषेत, डावी डाव्या आर्मसमोर, उजवी उजव्या आर्मसमोर, म्हणजे वजन पत्रा वाकवत न बसता सरळ पिनकडं जातं. तिसरी मधोमध, ती हलक्या कामाला, बॅरल वगैरे. कोपऱ्यात, आर्मच्या बाहेर, कधीच नाही. कोपऱ्यातून ओढलं की एक आर्म ताणला जातो आणि दुसरा मोकळा राहतो, फ्रेम पिळते आणि फ्रेमचे बोल्ट ज्या हाउसिंगमध्ये आहेत तिथं चिरा जातात, आणि तो खर्च बकेटचा नसतो, ट्रॅक्टरचा असतो. उभी प्लेट पुढे-मागे अशा दिशेत बसवायची, म्हणजे तिचा पातळ काठ समोरून दिसला पाहिजे. कारण आपला जोर एकतर वर-खाली असतो नाहीतर पुढे-मागे, दोन्ही वेळा तो प्लेटच्या अंगातून गेला पाहिजे. आडवी बसवली तर पहिल्याच ओढीला वाकेल.

वेल्ड करायच्या आधी एक गोष्ट बघा जी मी पहिल्या वेळी बघितली नव्हती. प्लेटा नुसत्या टाका मारून बसवा, किंवा पुठ्ठ्याच्या कापून चिकटवा, आणि लोडर चालू करून बकेट पूर्ण मागं घ्या, पूर्ण पुढं झुकवा, वर न्या, खाली आणा. मागं घेतल्यावर प्लेट आर्मला, होज पाईपला किंवा ग्रिलला लागते का? आणि बकेट सपाट असताना वरच्या काठातून लटकवलेली साखळी बकेटच्या आतच पडते, हेही तेव्हाच कळतं. बकेट पुढं झुकवली की वरचा काठ पुढं येतो आणि साखळी मोकळी लटकते. उचलायचं काम त्याच स्थितीत होणार आहे, तर शॅकल तेव्हा कुठं येतं ते बघून घ्या.

आता वेल्डिंग. शक्य असेल तर पिना काढून बकेट सुटी करा आणि वर्कशॉपला न्या, ट्रॅक्टर घरी ठेवा. वेल्डर घरी येणार असेल आणि बकेट ट्रॅक्टरवरच असेल तर बॅटरीची आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह वायर काढा. २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरला ट्रेम ४ चे (धुराच्या प्रदूषणाचे) नियम लागू झाले, त्यात इंजिन कॉम्प्युटरवर चालतं, तो जळला तर काय किंमत आहे ते डीलरला विचारा. पण जुन्या साध्या ट्रॅक्टरचंही अल्टरनेटर जातंच. आणि अर्थिंगचा चिमटा बकेटलाच लावायचा, वेल्डच्या जवळ, खरडून स्वच्छ केलेल्या लोखंडावर. चिमटा मागं चॅसीला लावला तर करंट पिन-बुशमधून आणि सिलिंडरमधून जातो, आणि सिलिंडरच्या चकचकीत रॉडवर एक ठिणगी उडाली की तिथं खड्डा पडतो, मग ऑइल सील दर महिन्याला फाटत राहतं. होज पाईपवर ओलं गोणपाट टाका. वाळलेला पाला, डिझेलचा डबा बाजूला करा आणि पाण्याची बादली किंवा फायर एक्स्टिंग्विशर जवळ ठेवा.

रंग, गंज, ग्रीस सगळं ग्राइंडरने काढून चकचकीत लोखंड दिसलं पाहिजे, वेल्डच्या दोन्ही बाजूला इंचभर तरी. हे वेल्डरवर सोडू नका, आदल्या दिवशी तुम्हीच घासून ठेवा, तो घाईत असतो. आतल्या बाजूचा रंगही घासा, कारण तो मागून जळतो आणि त्याचा धूर वाईट असतो. रॉड ७०१८, लो हायड्रोजन, साध्या ६०१३ पेक्षा हा ताणाला आणि हादऱ्याला जास्त चांगला. पण हा रॉड ओलसर हवेला फार हळवा आहे, पावसाळ्यात पाकीट उघडं पडलेलं असेल तर तो रॉड ओव्हनमध्ये भाजल्याशिवाय वापरू नका, पाकिटावर तापमान लिहिलेलं असतं. ३.१५ चा रॉड साधारण १०० ते १४० अँपिअरवर चालतो. डीसी मशीनवर, रॉड पॉझिटिव्हला. वेल्डर म्हणेल, “दादा, सहा हजार तेराने पण होतं की.” होतं, गेटला होतं. इथं त्याला नम्रपणे पण ठामपणे सांगा की ७०१८ च पाहिजे आणि तो चालवायची सवय नसेल तर दुसरा वेल्डर बघा, वाईट चालवलेलं ७०१८ हे चांगल्या ६०१३ पेक्षा वाईट.

अँगल सलग एका दमात वेल्ड करायचा नाही, नाहीतर बकेटचा काठ धनुष्यासारखा वाकतो. दोन इंच वेल्ड, दोन-तीन इंच सोडा, परत दोन इंच, आणि एकदा डावीकडं एकदा उजवीकडं असं करत जा. प्लेटांच्या जागी मात्र चारही बाजूंनी पूर्ण वेल्ड, ६ एमएमचा पाय (वेल्डच्या एका बाजूची रुंदी), दोन-तीन थरात, प्रत्येक थरानंतर स्लॅग (वरची खपली) चिपिंग हातोडीने आणि ब्रशने साफ. गरम वेल्डवर पाणी टाकायचं नाही, आपोआप गार होऊ द्या. आणि बकेटची खालची पात आहे ना, जी जमिनीला घासते, तिला काहीही वेल्ड करायचं नाही, ती जास्त कार्बनची कडक पोलादाची असते, तिला आधी गरम करून, पद्धतशीर करावं लागतं, नाहीतर वेल्ड आज छान दिसतं आणि एक-दोन दिवसांनी शेजारून चीर जाते.

गार झाल्यावर लगेच रंग मारू नका. दोन दिवस थांबा, मग डाय पेनिट्रंट टेस्ट करून घ्या, लाल रंगाचा स्प्रे मारायचा, पुसायचा, पांढरा मारायचा, चीर असेल तर लाल रेघ उमटते. एमआयडीसीत वेल्डिंगचं काम करणाऱ्या कोणालाही डीपी टेस्ट म्हटलं की कळतं. मग प्रायमर आणि पिवळा रंग, पिवळ्यावर चीर आणि गंज पटकन दिसतो.

टेस्ट उचल अशी करा. सपाट जागा, मागं वजन लावलेलं, पॅलेटवर सिमेंटच्या गोण्या. आधी ४, म्हणजे २०० किलो, मग ८, मग पुस्तकात दिलेल्या क्षमतेपर्यंत, त्याच्या वर एक गोणीही नाही. जमिनीपासून फक्त वीतभर वर उचलून दहा मिनिटं तसंच धरा. मग खाली ठेवा आणि वेल्ड, पिना, फ्रेमचे बोल्ट सगळं हात फिरवून बघा. मागचं टायर जमिनीशी पहिल्यापेक्षा कमी दबलेलं दिसायला लागलं, म्हणजे त्याच्यावरचा दाब गेला, तर तीच तुमची मर्यादा, पुस्तक काहीही म्हणो.

साखळी कुठली घ्यायची यावर थोडं थांबतो कारण इथं दुकानात फार घोळ असतो. उचलायला ग्रेड ८० चीच. त्याच्या कडीवर ८ किंवा ८० असा शिक्का असतो, ८ एमएमची एकेरी साखळी २ टन, १० एमएमची ३.१५ टन. ट्रकवर माल बांधायची साखळी, गुराची साखळी, विहिरीची जुनी साखळी, यातली एकही लटकत्या वजनाला नाही. फास टाकून बांधली तर क्षमता साधारण ८० टक्के धरा. आणि दोन पायांची साखळी लावली की कोनाकडं बघा: ६०० किलोची वस्तू आहे, साखळीचे पाय जमिनीशी ६० अंशात असतील तर एका पायावर साडेतीनशे येतात, तेच पाय पसरून ३० अंशावर आले तर प्रत्येक पायावर पूर्ण ६०० येतात. म्हणून लांब साखळी घ्या. पोत्यांना, जंबो बॅगला किंवा रंग जाऊ नये अशा वस्तूला पट्टा चांगला, जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३, पण धारदार काठावर खाली गोणपाट घालूनच, आणि लेबल फाटलेला पट्टा उचलायला नाही. हुक साखळीच्या टोकाला असेल तर लॅचवाला पाहिजे, बकेट हलली की उघडा हुक निघतो.

उचलून चालताना वजन शक्य तेवढं खाली, गुडघ्याच्या उंचीला, पहिल्या गिअरमध्ये, आणि लटकणारं वजन झोके घेतं म्हणून ब्रेक हळू. बांधावर, सरीवर आडवं जायचं नाही. आर्म वर असताना त्याच्या खाली कोणी नाही, होज फुटला तर आर्म डोळ्याचं पातं लवायच्या आत खाली येतो, हायड्रॉलिक हा टेकू नव्हे. झोका थांबवायला हाताने धरायचं नाही, लांब दोरी बांधा आणि बाजूला उभं राहून धरा. बकेटमध्ये माणूस चढवून तार बांधायचा मोह आपल्याकडं फार आहे, बागेत तर सर्रास, ते बंद करा. आणि वर तारा बघा, महावितरणची ११ केव्हीची लाइन कितीतरी बागांवरून जाते, तिच्याखाली आर्म उचलायचाच नाही, वळसा घालून जा.

खोडं उपटायचं काम. एप्रिल-मेमध्ये माल निघाल्यावर बाग काढतात तेव्हा जमीन कोरडी आणि दगडासारखी असते, तेव्हा सरळ ओढायला जाऊ नका. आधी ड्रिप चालू ठेवून किंवा पाणी सोडून जमीन ओली करा, वापसा येऊ द्या, बकेटच्या दाताने किंवा टिकावाने दोन बाजूंनी मुळं तोडा. मग दोन्ही आर्मसमोरच्या शॅकलमधून दोन साखळ्या एका कडीत आणून खोडाला जमिनीलगत फास, ट्रॅक्टर न हलवता फक्त आर्मने हळूहळू वर. मागचं चाक हलकं पडतंय असं वाटलं की लगेच सोडा, अजून मुळं तोडा. साखळीत ढील ठेवून ट्रॅक्टर मागं पळवून झटका द्यायचा ही पद्धत मी बंद केली, झटक्यात साखळीवर किती पट जोर येतो ते कोणी सांगू शकत नाही. ओढताना नायलॉनचा दोर तर अजिबात नाही, तो रबरासारखा ताणला जातो आणि तुटला की गोळीसारखा येतो. माणसं साखळीच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर.

टोइंगचं थोडक्यात. चिखलात रुतलेली ट्रॉली किंवा गाडी लोडरने ओढायची नाही, अवकाळी पावसात काळ्या मातीत रुतलेली कांद्याची ट्रॉली तर नाहीच. ते काम मागच्या ड्रॉबारचं, तेही खालच्याच. साखळी एक्सलच्या वर, टॉप लिंकला किंवा सीटखाली बांधली तर ट्रॅक्टर पुढून उचलून मागं उलटतो आणि ड्रायव्हरला क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही, सेकंद-दीड सेकंदात होतं ते. बकेटने फक्त रिकामी ट्रॉली यार्डात, चाळीत इकडं-तिकडं करायची. त्यासाठी बकेटच्या पातीला बोल्टने बसणारी पात असेल तर त्याच भोकांना एक १६ एमएमची भोकवाली पट्टी बोल्टने बसवा, मधोमध, ट्रॉलीची पिन बसेल अशी, काम झालं की काढून ठेवा. दोन चाकी ट्रॉलीचं वजन दांडीवर येतं हे लक्षात ठेवा, भरलेली असेल तर ते काही क्विंटल असतं, म्हणून रिकामीच. लिव्हर फ्लोटला (आर्म मोकळे सोडायच्या खाचेत) टाकू नका, दांडी बकेटला घेऊन खाली बसेल. रोडवर जायचं तर ट्रॉली मागं आणि बकेट रिकामी.

कोणी विचारतं, बकेटला अडकवायचे फोर्क घेऊ का? घेऊ शकता, पण हिशोब करा. समजा पिन पुढच्या एक्सलपासून १.२ मीटर पुढं आहे आणि तिथं ६०० किलो झेपतात. फोर्कने वजन अजून ९० सेंटीमीटर पुढं गेलं तर तेच ट्रॅक्टर ३४० किलोलाच तेवढं झुकेल. शिवाय बकेटची पातळ पात फोर्कच्या चिमट्याने वाकते. पॅलेटचं रोजचं काम असेल तर बकेट काढून त्या जागी बसणारी फोर्क फ्रेम बरी.

नंतरचं बघायचं काम कमी आहे पण सोडू नका. पुस्तकात दिलेल्या तासांना आर्मच्या आणि पुढच्या एक्सलच्या सगळ्या पिनांना ग्रीस, फ्रेमचे बोल्ट पान्याने, हाताने नाही. पिवळ्या प्लेटांभोवती रंगाला बारीक तडा दिसला तर त्या दिवशी उचल बंद, घासून बघा. चीर असेल तर तिच्यावर परत वेल्ड ओतायचं नसतं, पूर्ण खरडून काढून नव्याने भरायचं. शॅकलची पिन हाताने फिरत नसेल तर ती वाकलीय, शॅकल बदला. साखळीची कडी लांबट झालेली दिसली तर पूर्ण साखळी बाजूला, एक कडी कापून जोडायची नाही. आणि बकेटच्या मागच्या बाजूला, सीटवरून दिसेल असं, ऑइल पेंटने मोठ्या अक्षरात किलो लिहून ठेवा, माझ्या बकेटवर डावी-उजवी मिळून ५०० आणि मधली २०० असं लिहिलंय, कारण ट्रॅक्टर आपण एकटेच चालवत नाही, सालगडी चालवतो, भाऊ चालवतो, सोसायटीच्या कामाला शेजारी घेऊन जातो, आणि त्यातल्या कोणी हा लेख वाचलेला नसतो.